न तपासलेला ठोका

या घटनाक्रमातल्या सगळ्या वेळा मुंबईतल्या देवनारच्या घड्याळाच्या, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या आहेत. घटना घडल्या जर्मनीत, इंग्लंडमध्ये, फिनलंडमध्ये आणि कॅलिफोर्नियात. पण ज्या सर्व्हरची जबाबदारी माझ्यावर होती, तो देवनारमध्ये होता. म्हणून घड्याळ इथलं.

फेब्रुवारी २००४

इंटरनेटवर माहिती मुख्यतः दोन तऱ्हांनी जाते. पहिल्या तऱ्हेत दोन यंत्रं आधी जोडणी करतात, पुडकी क्रमानं पाठवतात आणि हरवलेलं पुडकं पुन्हा मागवतात. दुसरी तऱ्हा साध्या टपालासारखी आहे. पाकीट पेटीत टाकलं की काम संपलं. ते पोहोचलं का, आधी टाकलेलं आधी पोहोचलं का, याची हमी कुणी देत नाही. या पाकिटाला डेटाग्राम म्हणतात. फोनवरचं बोलणं, व्हिडिओ, ऑनलाइन खेळ यांना हीच तऱ्हा सोयीची पडते. हरवलेल्या अर्ध्या शब्दासाठी थांबून राहणं त्यांना परवडत नाही.

जगभर वापरलं जाणारं कुलूप, टीएलएस, पहिल्या तऱ्हेसाठी घडवलेलं होतं. नागेंद्र मोदडुगू आणि एरिक रेस्कोर्ला या दोघांनी २००४ साली सॅन दिएगोच्या एका परिषदेत डेटाग्रामसाठीच्या कुलपाचा आराखडा मांडला. त्याचं नाव डीटीएलएस.

५ जुलै २००५

ओपनएसएसएल या मुक्त स्रोत लायब्ररीची ०.९.८ ही आवृत्ती आली. तिच्यात डीटीएलएस होतं.

ओपनएसएसएल कुणालाही फुकट घेता येत असे, आणि घेत होतं जवळजवळ सगळं जग. बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याआधी दिसणारं छोटं कुलूप बहुतेक ठिकाणी याच लायब्ररीच्या जोरावर उभं होतं. ती सांभाळणारी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पूर्णवेळ काम करणारा एकच होता: इंग्लंडमधले डॉ. स्टीफन हेन्सन. वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या साधारण २,००० डॉलर.

२०११

जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात मिखाएल ट्युक्सेन यांच्याबरोबर काम करणारा रॉबिन झेगेलमान हा संशोधक विद्यार्थी ओपनएसएसएलमधल्या डीटीएलएसच्या चुका दुरुस्त करत होता. हे काम कुणी सांगितलं म्हणून चाललेलं नव्हतं. चूक सापडली की दुरुस्ती लिहायची आणि पाठवायची, असा क्रम होता.

डेटाग्रामच्या दुनियेत एक अडचण होती. जोडणीच नसल्यामुळे पलीकडचं यंत्र जिवंत आहे की बंद पडलं, हे कळायला सोपा मार्ग नव्हता. खात्री करायची तर किल्ल्यांची सगळी देवाणघेवाण पुन्हा करावी लागे. त्यावर झेगेलमान आणि सहकाऱ्यांनी उपाय सुचवला: ठोका. एका यंत्रानं छोटा निरोप पाठवायचा, दुसऱ्यानं तोच निरोप जसाच्या तसा परत करायचा. परत आला, म्हणजे पलीकडे जीव आहे.

ठोक्यावर आणखी एक काम सोपवलं गेलं. वाटेतून जास्तीत जास्त केवढं पाकीट जाऊ शकतं, हेही त्यानं शोधायचं होतं. त्यासाठी पाकीट फुगवता यायला हवं. म्हणून निरोपाच्या मागे भरताड घालायची सोय ठेवली, निदान १६ बाइटची. आता पाकिटात निरोप किती आणि भरताड किती, हे वेगळं सांगणं भाग होतं. म्हणून निरोपाच्या आधी त्याची लांबी लिहायला दोन बाइटची जागा ठेवली. दोन बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा ६५,५३५.

पुढचं सगळं या दोन बाइटमध्ये आहे.

सप्टेंबर २०११

थाय डुओंग आणि जुलियानो रिझो यांनी ब्वेनोस आयरेसमध्ये टीएलएसच्या जुन्या १.० आवृत्तीवरचा हल्ला करून दाखवला. त्यावर एक सल्ला दिला गेला: टीएलएस १.१ किंवा १.२ वर जा. ओपनएसएसएलमध्ये ही दोन्ही येणार होती ती पुढच्या १.०.१ आवृत्तीत. काळजी घेणारी माणसं तिची वाट पाहू लागली.

रविवार, १ जानेवारी २०१२, पहाटे ४:२९:५७

देवनारमध्ये नवं वर्ष लागून साडेचार तास झाले होते. इंग्लंडमध्ये अजून जुनंच वर्ष होतं, रात्रीचे अकरा वाजायला तीन सेकंद कमी.

त्या क्षणी स्टीफन हेन्सन यांनी ठोक्याचा कोड ओपनएसएसएलच्या भांडारात जमा केला. नोंदीत लिहिलं आहे: पाठवणारा रॉबिन झेगेलमान, तपासणारा स्टीव्ह.

कोड काय करत होता ते साध्या शब्दांत सांगता येतं. आलेल्या पाकिटातले दोन बाइट वाचून निरोपाची लांबी घ्यायची. तेवढी जागा मेमरीत मागायची. निरोप जिथून सुरू होतो तिथून तेवढे बाइट उचलायचे, परतीच्या पाकिटात भरायचे आणि पाठवून द्यायचे.

पाकीट प्रत्यक्षात केवढं आलं, याच्याशी ती लांबी ताडून पाहायची राहिली.

समोरच्यानं १ बाइटचा निरोप पाठवून त्यावर ६५,५३५ असं लिहिलं, तर सर्व्हर तो १ बाइट आणि त्याला लागून मेमरीत जे काही पडलं असेल ते ६५,५३४ बाइट उचलून देणार होता. त्यात कुणाचा पासवर्ड असेल, कुणाचं पत्र, कदाचित सर्व्हरची स्वतःची खाजगी किल्ली. पाकीट पाठवायला खातं लागत नव्हतं, पासवर्ड लागत नव्हता.

देवनारच्या कचराडेपोच्या दारात गाडी आधी वजनकाट्यावर चढते. ड्रायव्हरनं तोंडी सांगितलेलं वजन कुणी वहीत मांडत नाही. इथे काटाच बसवला गेला नाही.

दोन माणसांनी तो कोड पाहिला होता, लिहिणाऱ्यानं आणि तपासणाऱ्यानं. पाठवणाऱ्यानं पुढे स्वतःच सांगितलं, की लांबी असलेल्या एका चलाची खातरजमा करायची आपल्याकडून राहिली आणि तपासणाऱ्याच्याही ते लक्षात आलं नाही. त्याच्या या सांगण्यावर माझा विश्वास आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री, एकटा पूर्णवेळ माणूस, समोर दुसऱ्याचा शेकडो ओळींचा कोड. यात मला कट दिसत नाही.

जगाला कळायला अजून ८२७ दिवस होते.

फेब्रुवारी २०१२

ठोक्याचं प्रमाणपत्रक प्रसिद्ध झालं: आरएफसी ६५२०. लेखक तिघे: झेगेलमान, ट्युक्सेन आणि मायकेल विल्यम्स.

त्याच्या चौथ्या भागात नियम आहे. मिळालेल्या निरोपावर लिहिलेली लांबी प्रमाणाबाहेर मोठी असेल, तर तो निरोप काही न बोलता टाकून द्यायचा. सक्तीचा नियम आहे, सूचना नव्हे.

म्हणजे धोका माहीत होता. तो ओळखून, मोजक्या शब्दांत लिहून, छापून झाला होता. लिहिणाऱ्यांत कोड लिहिणाराही होता. कोड भांडारात जाऊन महिना उलटला होता. पत्रक आणि कोड शेजारी ठेवून कुणी एक एक ओळ वाचली असती, तर बरोबर एक ओळ कमी दिसली असती.

बुधवार, १४ मार्च २०१२

ओपनएसएसएल १.०.१ प्रसिद्ध झालं. टीएलएस १.१, टीएलएस १.२ आणि ठोका, तिन्ही एकत्र.

इथे दोन छोटे निर्णय झाले होते. पहिला: ठोका डेटाग्रामपुरता न ठेवता टीएलएसलाही दिला गेला. जोडणी करून बोलणाऱ्या यंत्रांना पलीकडचं जिवंत आहे का हे कळायला आधीपासून इतर मार्ग होते. त्यांना याची गरज जवळजवळ नव्हती. दुसरा: ठोका आपोआप चालू ठेवला गेला. नको असेल त्यानं लायब्ररी घडवतानाच तसं सांगायचं होतं. फार थोड्यांनी सांगितलं, कारण फार थोड्यांना तो आहे हे ठाऊक होतं.

डेटाग्रामसाठी लिहिलेला कोड त्या दिवसापासून वेबच्या प्रत्येक दारात जाऊन बसू लागला.

२६ एप्रिल २०१२

उबुंटु १२.०४ आलं. त्यात ओपनएसएसएल १.०.१ होतं.

शनिवार, ४ मे २०१३

डेबियन ७ आलं. त्यात ओपनएसएसएल १.०.१ई. आधीच्या डेबियन ६ मध्ये जुनं ०.९.८ होतं आणि त्यात ठोका नव्हता.

देवनारमधल्या एका छोट्या कार्यालयाचा सर्व्हर मी सांभाळत होतो. ४० जणांची ईमेल, एक अंतर्गत संकेतस्थळ, हिशेबाच्या काही फायली. जुन्या आवृत्तीवर राहणं धोक्याचं, हे मी कार्यालयाला दोनदा सांगितलं होतं. त्या मे महिन्यात त्यांनी परवानगी दिली आणि मी एका रविवारी सकाळी जाऊन सर्व्हर डेबियन ७ वर नेला. दुपारी तीनपर्यंत सगळं सुरळीत झालं.

ज्यांनी काहीच केलं नाही, ते जुन्या आवृत्तीवर सुरक्षित राहिले.

जून २०१३

एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेच्या पाळत यंत्रणेची कागदपत्रं बाहेर आणली. संकेतस्थळांनी धडाधड कुलपं चढवायला घेतली. जिथे नव्हतं तिथे टीएलएस आलं. बहुतेक ठिकाणी ते ओपनएसएसएलचंच होतं.

२१ नोव्हेंबर २०१३

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६.५ आलं. मोठ्या कंपन्यांची ही आवडती व्यवस्था. आधीच्या ६.४ मध्ये ओपनएसएसएल १.०.० होतं. ६.५ मध्ये ते १.०.१ई झालं.

या दोन वर्षांत चूक कुणाला का दिसली नाही, याचं एक कारण लायब्ररीच्या पोटातच होतं. वेग वाढावा म्हणून ओपनएसएसएल वापरून झालेले मेमरीचे तुकडे व्यवस्थेला परत न देता स्वतःच्या साठ्यात ठेवून पुन्हा वापरत असे. काही ऑपरेटिंग सिस्टिम हद्दीबाहेरच्या वाचनावर डोळा ठेवतात आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळवतात. इथे साठा आड आला. ठोका हद्दीबाहेर वाचत होता आणि काहीच कोसळत नव्हतं. वेगासाठी घेतलेल्या एका जुन्या निर्णयानं पहाऱ्याची ती एक जागाही बुजवली.

शुक्रवार, २१ मार्च २०१४

गूगलच्या सुरक्षा विभागातल्या नील मेहता यांना चूक सापडली, या तारखेला किंवा थोडी आधी. ते ओपनएसएसएलचा कोड ओळीओळीनं वाचत होते. त्याच दिवशी ॲडम लँगली आणि बोडो म्योलर यांनी दुरुस्ती लिहिली. दुरुस्तीचं मर्म एका तुलनेत होतं: प्रकार १, लांबी २, निरोप जेवढा सांगितला तेवढा आणि भरताड १६, यांची बेरीज आलेल्या पाकिटापेक्षा जास्त भरली, तर पाकीट फेकून द्या. शेजारी टिपण: आरएफसी ६५२०, भाग ४ नुसार.

जगभरच्या गूगलच्या सर्व्हरवर दुरुस्ती हळूहळू चढू लागली. ओपनएसएसएलला अजून कळवलेलं नव्हतं.

सोमवार, ३१ मार्च

महाराष्ट्रात गुढीपाडवा. क्लाउडफ्लेअर या मोठ्या सेवादार कंपनीला तोपर्यंत खबर मिळाली होती आणि तिनं आपले सर्व्हर दुरुस्त केले होते.

मंगळवार, १ एप्रिल

गूगलनं ओपनएसएसएलच्या गाभ्यातल्या लोकांना कळवलं. चूक सापडून ११ दिवस झाले होते. काही पायाभूत सेवादारांना गुप्ततेच्या अटीवर आधीच सांगितलं आहे, असंही कळवलं. ओपनएसएसएलचा विचार त्याच आठवड्यात दुरुस्ती प्रसिद्ध करण्याचा होता. मग सगळं रीतसर व्हावं म्हणून ती ९ एप्रिलवर ढकलली.

रीतसरपणात चुकीचं काही नव्हतं. मधल्या दिवसांत मात्र माहिती असलेल्या माणसांची संख्या वाढत गेली.

गुरुवार, ३ एप्रिल

फिनलंडमध्ये सकाळ होती, इथे दुपार. कोडेनोमिकॉन या फिनिश कंपनीतले अंट्टी कार्यालाइनेन, रिकू हिएतामाकी आणि मत्ती कामुनेन आपलं चाचणीचं साधन स्वतःच्याच सर्व्हरवर चालवून पाहत होते. सर्व्हरनं ठोक्याच्या उत्तरात पाठवलं त्यापेक्षा जास्त परत दिलं. गूगलशी त्यांचा काही संबंध नव्हता. दोन वर्षं तीन महिने कुणालाही न दिसलेली चूक दोन आठवड्यांत दोघांना वेगवेगळी सापडली होती.

त्याच दिवशी त्यांनी फिनलंडच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राला कळवलं. पुढे त्यांच्यातल्या ओस्सी हेर्राला यांनी या चुकीला नाव दिलं: हार्टब्लीड. ठोका म्हणजे हार्टबीट, त्यावरून रक्तस्राव. याच नावाचा वेबपत्ता ५ एप्रिलला विकत घेतला गेला.

शुक्रवार, ४ एप्रिल

अकामाई या कंपनीनं आपले सर्व्हर दुरुस्त केले. काहीतरी मोठं येतंय अशी कुजबुज मुक्त स्रोतवाल्यांत सुरू झाली होती. माझ्यापर्यंत ती आली नाही.

रविवार, ६ एप्रिल, पहाटे ५:२१:०६

ओपनएसएसएलच्या खाजगी भांडारात दुरुस्तीची नोंद लिहिली गेली. हात पुन्हा स्टीफन हेन्सन यांचा. इंग्लंडमध्ये रात्रीचे पाऊण वाजून गेले होते.

रविवार, ६ एप्रिल, संध्याकाळ

मीरपूरला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसानं उशिरा सुरू झाला. भारत ४ बाद १३०, कोहली ७७. श्रीलंकेनं ६ गडी राखून जिंकला. देवनारमध्ये त्या रात्री फटाके वाजले नाहीत.

सोमवार, ७ एप्रिल, सकाळी ११:२६

रेड हॅटमधल्या हुजैफा सिधपूरवाला यांनी कंपनीच्या नोंदवहीत या चुकीबद्दल नोंद केली, अजून बंद दाराआड.

भारतात त्या दिवशी लोकसभा निवडणुकीचा पहिला टप्पा होता. मतदान आसाम आणि त्रिपुरात. मुंबईचं २४ तारखेला.

सकाळी ११:४०

सिधपूरवाला यांनी लिनक्सच्या निरनिराळ्या वितरकांना एक खाजगी पत्र पाठवलं. ओपनएसएसएलमध्ये गंभीर चूक आहे, ९ एप्रिलला जाहीर होईल, तपशील हवा असेल त्यानं गुप्ततेच्या अटीवर मागावा. चूक काय आहे हे पत्रात नव्हतं.

सुसे, डेबियन, फ्रीबीएसडी आणि अल्ट लिनक्स यांनी विचारलं. त्यांना तपशील मिळाले. उबुंटु, जेंटू आणि क्रोमियम यांनी थोडं उशिरा विचारलं. त्यांना उत्तर जाण्याआधीच वेळ संपली.

जगाला कळायला ११ तास १७ मिनिटं.

रात्री ८:४९

फिनलंडच्या सुरक्षा केंद्रानं ओपनएसएसएलच्या बेन लॉरी आणि मार्क कॉक्स यांना कूटबद्ध पत्र पाठवलं. कोडेनोमिकॉनची चूक आणि गूगलची चूक एकच निघाली.

रात्री ९:४१

पत्र ओपनएसएसएलच्या सगळ्या गाभा-सदस्यांकडे गेलं. चर्चा लांबली नाही. दोघांना एकाच वेळी सापडली, तर तिसऱ्याला सापडली नसेल असं मानायला आधार उरत नाही. ९ एप्रिलची तारीख रद्द झाली. आजच.

हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण त्याचा अर्थ असा होता, की याहू, ॲमेझॉनची क्लाउड सेवा, कॅनडाचं करखातं आणि देवनारमधला मी, सगळ्यांना बातमी हल्लेखोरांबरोबरच कळणार होती.

रात्री १०:२३:३१

दुरुस्ती भांडारात पक्की झाली. नोंदीत मेहता, लँगली आणि म्योलर यांचे आभार. चूक कोडात शिरल्यापासून ८२७ दिवस, १७ तास, ५३ मिनिटं, ३४ सेकंद.

रात्री १०:५१:२९

नव्या आवृत्तीची फाइल सर्व्हरवर चढली: १.०.१जी.

रात्री १०:५७

ओपनएसएसएलच्या संकेतस्थळावर सूचना लागली. काही ओळींची. ठोक्याच्या हाताळणीत हद्दीची तपासणी नाही, ६४ केबीपर्यंत मेमरी उघडी पडू शकते, आवृत्ती बदला.

इथून पुढे दार कुठे उघडं आहे हे शोधायची गरज उरली नाही. पत्ता छापून आला होता. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार सुरक्षित वेब सर्व्हरपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे पाच लाखांच्या घरात, त्या क्षणी उघडे होते.

रात्री ११:१९

हीच सूचना ईमेलनं निघाली. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता.

रात्री ११:३०

क्लाउडफ्लेअरनं जाहीर केलं, की आपल्या ग्राहकांना काळजीचं कारण नाही.

मंगळवार, ८ एप्रिल, मध्यरात्रीनंतर १:०७

नील मेहता यांनी ट्विटरवर चुकीबद्दल लिहिलं. त्याच सुमारास हार्टब्लीडचं संकेतस्थळ लोकांच्या नजरेत आलं. लाल हृदय, खाली ओघळणारे थेंब. चित्र लीना स्निडेट यांचं. संगणकातल्या चुकीला स्वतःचं चिन्ह असणं तेव्हा नवीन होतं.

पुढच्या काही तासांत चूक वापरून दाखवणारे छोटे प्रोग्रॅम फिरू लागले. ते चालवायला तज्ज्ञ असावं लागत नव्हतं. याहूच्या सर्व्हरमधून लोकांची वापरनावं आणि पासवर्ड साध्या अक्षरांत बाहेर येत असल्याचं संशोधकांनी दाखवलं.

सकाळी ८:४०

रामनवमी. कार्यालय बंद. गोवंडी स्टेशनकडे जाणारा रस्ता नेहमीपेक्षा मोकळा होता. मी फोन पाहिला. डेबियनची सुरक्षा सूचना रात्रीतच येऊन पडली होती. अशा सूचना आठवड्याला पाच-सात येत. शीर्षकात फक्त ओपनएसएसएल हे नाव होतं. मी ती दुपारसाठी ठेवली.

त्या दिवशी आमच्या धंद्यातल्या बहुतेकांचं लक्ष दुसरीकडे होतं. विंडोज एक्सपीची मुदत नेमकी ८ एप्रिलला संपत होती.

सकाळी १०:१५

एका मित्राचा फोन. त्यानं एकच विचारलं, सर्व्हर कुठल्या आवृत्तीवर आहे. मी सांगितलं, डेबियन ७. तो म्हणाला, आत्ता बघ.

सकाळी १०:३१

घरून सर्व्हरमध्ये शिरलो आणि नवं पॅकेज चढवलं. चाळीस सेकंदांत झालं. काम संपलं असं समजून मी उठलो.

सकाळी ११:५०

फिलिप्पो व्हाल्सोर्दा या इटालियन तरुणानं रातोरात उभारलेल्या चाचणीच्या पानावर सर्व्हरचा पत्ता टाकला. उत्तर लाल आलं. चूक अजून होती.

डिस्कवर नवी लायब्ररी होती. पण ईमेल आणि वेबचे प्रोग्रॅम कित्येक आठवड्यांपासून सलग चालू होते, आणि त्यांच्या मेमरीत जुनीच प्रत होती. ते बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होणार नव्हता. हे मला माहीत होतं. त्या दीड तासात आठवलं नाही. अनेकांना आठवलं नसावं, कारण डेबियननं त्याच दिवशी आणखी एक सुधारित पॅकेज काढलं. कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायला हव्यात, हे ते स्वतःच तपासत होतं.

११:५४ ला सगळ्या सेवा पुन्हा सुरू केल्या. ११:५५ ला चाचणी हिरवी आली.

सूचना जाहीर होऊन १२ तास ५८ मिनिटं झाली होती.

दुपार

दुरुस्तीनं दार बंद होतं. आधी बाहेर गेलेलं परत येत नाही. सर्व्हरची खाजगी किल्ली बाहेर गेली असेल, तर ज्याच्या हाती ती पडली तो आमच्या नावानं बसू शकत होता. म्हणून क्रम ठरलेला होता: आधी दुरुस्ती, मग नवी किल्ली, मग नवं प्रमाणपत्र, जुनं रद्द, आणि सगळ्यांत शेवटी पासवर्ड. पासवर्ड आधी बदलला, तर नवा पासवर्डही त्याच वाटेनं जाऊ शकत होता. जगात अनेकांनी तो आधीच बदलला.

खाजगी किल्ली खरंच निघते का, यावर तीन दिवस वाद चालला. ११ एप्रिलला क्लाउडफ्लेअरनं मुद्दाम एक उघडा सर्व्हर ठेवून आव्हान दिलं. काही तासांतच फेदोर इंदुत्नी यानं किल्ली काढून दाखवली, त्याला २५ लाखांवर पाकिटं पाठवावी लागली. फिनलंडच्या सुरक्षा केंद्रातल्या इल्का मत्तिला यांना सुमारे १ लाख पुरली. वाद मिटला.

कॅनडा, त्याच आठवड्यात

कॅनडात ८ एप्रिलची रात्र झाली तेव्हा तिथल्या करखात्यानं आपल्या ऑनलाइन सेवा बंद केल्या. विवरणपत्रं भरायचा हंगाम होता. ३० एप्रिलची मुदत पुढे ५ मे करावी लागली. पण सेवा बंद होण्याआधीच सहा तासांच्या अवधीत कुणीतरी सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक काढून नेले होते. काही दिवसांनी पोलिसांनी १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला अटक केली.

मंगळवार, ८ एप्रिल, रात्री ९:२०

कार्यालयातल्या ४० जणांना फोन करून झाले. बहुतेकांनी विचारलं, आपलं काही गेलं का.

म्हणून नोंदी उघडल्या. सर्व्हरवर कोण आलं, केव्हा आलं, कोणतं पान मागितलं, कुणाचा पासवर्ड चुकला, हे सगळं त्यात दिवसवार लिहिलेलं असतं. मे २०१३ मधल्या त्या रविवारी दुपारी तीनपासून मी वाचायला घेतलं. रात्री साडेबाराला मी ऑगस्टपर्यंत आलो होतो.

ठोक्यांची नोंद कुठेच नव्हती. ठोका जोडणीच्या खालच्या थरात येतो आणि जातो, ओपनएसएसएल तो लिहून ठेवत नव्हतं. कुणी एक पाकीट पाठवलं असेल किंवा दहा लाख, कागद कोराच राहणार होता.

मी सप्टेंबर उघडला.